सीमाभागातल्या देवदासी संघटना आणि यादीचा घोळ

सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्मा देवीला मुली सोडण्याची, म्हणजे त्यांना देवदासी करण्याची चाल कुठून आली, यात फार मागे जाण्याची गरज नाही. आजच्या संस्थांचं काम घडलं ते कायद्यांनी आणि याद्यांनी. मुंबई इलाख्याचा 1934 चा कायदा बेळगावलाही लागू होता. देवाला सोडलेल्या बाईने पुढे माणसाशी केलेलं लग्न त्याने कायदेशीर ठरवलं. 1956 ला निपाणी-चिकोडी म्हैसूर राज्यात (आजच्या कर्नाटकात) गेली, गडहिंग्लज-मिरज मुंबई राज्यात (आजच्या महाराष्ट्रात) राहिली. बायकांचा जोगवा आणि सोयरिकी मात्र दोन्हीकडे चालूच राहिल्या.

संघटित काम सत्तरच्या दशकात गडहिंग्लजकडे उभं राहिलं. निपाणीत ते तंबाखूच्या वखारींत राबणाऱ्या बायकांच्या लढ्याला जोडलं गेलं.

कर्नाटकाचा बंदी कायदा 1982 चा. त्यात विधी करणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद होती. तोच आईबाप किंवा नातेवाईक असेल तर किमान 2 आणि कमाल 5 वर्षं. कागदावर हे रास्त दिसायचं. पण मुलीची तक्रार घरच्यांवाचून दुसरं कोण करणार? डोंगरावर उघड बांधलं जाणारं लाल-पांढऱ्या मण्यांचं दर्शन, म्हणजे देवीला सोडल्याची गळ्यातली माळ, मग गावातल्या पुजाऱ्याच्या घरात गुपचूप बांधलं जाऊ लागलं.

नव्वदच्या दशकात बचत गट आले. गटात 15 ते 20 बायका. त्याहून जास्त झाल्या की तेव्हा नोंदणीचा प्रश्न यायचा. ठरलेली बचत, दोघी-तिघींच्या सह्यांचं खातं, हिशेब नीट राहिला तर सहाएक महिन्यांनी बँकेचं कर्ज. गट मोडतो तो बहुधा ऊसतोडीच्या हंगामात, निम्म्या बायका बाहेरगावी गेल्या की. नाहीतर कर्ज बाईच्या नावावर आणि पैसा भावाच्या हातात, यामुळे.

खरा वाद यादीचा. 1993-94 च्या पाहणीत कर्नाटकात 22,873 देवदासींची नोंद झाली, 2007-08 मध्ये आणखी 23,787 जणींची, एकूण 46,660. घर, पेन्शन, कर्ज, सगळं या यादीवर. पाहणीच्या दिवसांत जी मुंबई-पुण्याला होती तिचं नाव राहिलं. जिने मुलीची सोयरीक मोडेल म्हणून तोंड उघडलं नाही, तिचंही. कायदा झाल्यानंतर सोडलेल्या बाईचं नाव धरायचं, तर बंदी असताना विधी झाला हे सरकारनेच मान्य करण्यासारखं. म्हणून तरुण बायका यादीबाहेर राहिल्या. ज्यांना मदतीची सर्वांत जास्त गरज, त्याच नेमक्या गाळल्या गेल्या, हे या व्यवस्थेचं सर्वांत मोठं अपयश म्हणावं लागेल.

मराठी बोलणाऱ्या बायकांची आणखी एक अडचण. कन्नड अर्जात ‘शांतव्वा’, रेशनकार्डावर ‘शांताबाई’. नावं जुळत नाहीत म्हणून अर्ज परत येतो. अशा वेळी संस्थेचे कार्यकर्ते आधी दोन्ही नावं एकाच बाईची असल्याचं प्रतिज्ञापत्र करून घेतात, मग अर्ज भरतात. उलट क्रमाने केलं तर पुन्हा सगळं पहिल्यापासून. सीमेपलीकडे राहायला गेलेलीचं तर दोन्ही राज्यांत अडतं. महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा 2005 चा, पण तिथला रहिवासी दाखला तिच्याकडे नसतो, आणि इथलं रेशनकार्ड एव्हाना रद्द झालेलं असतं.

मुलांच्या कागदांवरचा वडिलांच्या नावाचा रकाना हा तितकाच जुना प्रश्न. शाळेत मामाचं नाव लावून वेळ मारून नेली जाई, पण पुढे जातीच्या दाखल्याला तेच नाव आडवं येई. कर्नाटकाने 2025 मध्ये केलेल्या नव्या कायद्यात वडिलांचं नाव सांगण्याची सक्ती काढली आहे. ज्यांना पितृत्व सिद्ध करायचं आहे त्यांना तोही मार्ग ठेवला आहे.