महासाथीतील आघाडीच्या कर्मचाऱ्यांचे मानसिक आरोग्य आणि कलंक

महासाथीच्या काळात ज्यांचा कामामुळे रोगाशी किंवा रोग्यांशी थेट संबंध येतो, अशा कर्मचाऱ्यांवर पडणारा मानसिक ताण आणि त्याच कामामुळे त्यांच्या वाट्याला येणारी सामाजिक अवहेलना, हे दोन परस्परांत गुंतलेले प्रश्न आहेत. डॉक्टर, परिचारिका, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, रुग्णवाहिकाचालक, वॉर्डबॉय, सफाई कामगार, घरोघरी सर्वेक्षण करणारे आरोग्यसेवक, पोलीस आणि अंत्यविधी पार पाडणारे कर्मचारी या सर्वांचा या वर्गात समावेश होतो. संशोधनाचा भर मात्र प्रामुख्याने डॉक्टर आणि परिचारिकांवर राहिला आहे.

या प्रश्नाची पद्धतशीर नोंद सार्स या श्वसनरोगाच्या साथीपासून ठळकपणे होऊ लागली. २००२–०३ मधील त्या साथीत जगभर नोंदवलेल्या ८,०९६ रुग्णांपैकी १,७०६, म्हणजे सुमारे २१ टक्के, आरोग्य कर्मचारीच होते. रुग्णालय हेच संसर्गाचे मुख्य ठिकाण ठरल्याने तेथे काम करणाऱ्यांकडे लोक संशयाने पाहू लागले. साथ ओसरल्यानंतर एक ते दोन वर्षांनी टोरांटोतील सार्सचे रुग्ण हाताळलेल्या रुग्णालयांत पाहणी झाली, तेव्हा तेथील कर्मचाऱ्यांमध्ये कामाचा थकवा आणि मानसिक त्रास हे इतर रुग्णालयांतील कर्मचाऱ्यांपेक्षा अधिक आढळले. साथ संपली म्हणून ताण संपत नाही, हे त्यातून दिसून आले. २०१४ ते २०१६ या काळात पश्चिम आफ्रिकेत इबोलाची साथ पसरली, तेव्हा मृतदेहांचे सुरक्षित दफन करणाऱ्या पथकांतील तरुणांना त्यांच्याच वस्तीत, काही वेळा स्वतःच्या घरातही, थारा मिळेनासा झाला.

कोविड-१९ च्या साथीत हा प्रश्न जगभर एकाच वेळी उभा राहिला. साथीच्या अगदी सुरुवातीला चीनमधील ३४ रुग्णालयांतील १,२५७ कर्मचाऱ्यांची पाहणी झाली, तीत ५०.४ टक्के जणांमध्ये नैराश्याची, ४४.६ टक्के जणांमध्ये चिंतेची आणि ३४ टक्के जणांमध्ये निद्रानाशाची लक्षणे आढळली. असे आकडे प्रश्नावलीतील उत्तरांवर आधारलेले असतात, ते वैद्यकीय निदान नव्हे; म्हणून निम्मे कर्मचारी आजारी होते असा त्यांचा अर्थ लावणे चुकीचे ठरेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात कोविडमुळे ८०,००० ते १,८०,००० आरोग्य कर्मचारी मृत्यू पावले असावेत. सहकाऱ्यालाच रुग्ण म्हणून दाखल करून घ्यावे लागणे, हा अनुभव त्यामुळे अनेकांच्या वाट्याला आला.

ताणाची कारणे अनेक असली तरी काही या कामाशीच जखडलेली आहेत. संरक्षक पोशाख एकदा चढवला की तो उतरेपर्यंत पाणी पिता येत नाही, शौचालयात जाता येत नाही. चष्म्यावर वाफ धरते, आवाज दबतो आणि रुग्णाला समोरच्याचा चेहराही दिसत नाही. काही ठिकाणी कर्मचाऱ्यांनी पोशाखावर छातीपाशी स्वतःचे छायाचित्र चिकटवले, ते याचसाठी. नातेवाइकांना आत प्रवेश नसल्यामुळे मरणासन्न रुग्णासमोर मोबाइल धरून अखेरची भेट घडवून आणण्याचे काम परिचारिकेकडे आले. खाटा आणि व्हेंटिलेटर अपुरे असताना कोणाला आधी उपचार द्यायचे हे ठरवावे लागते, तेव्हा आपण योग्य ते करू शकलो नाही ही टोचणी मागे राहते. या अवस्थेला ‘नैतिक इजा’ म्हणतात. ही संकल्पना मूळची युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या अभ्यासातून आली आहे.

कलंकाचे येथे दोन प्रवाह दिसतात. पहिला बाहेरून येतो. हा माणूस रोग घरी घेऊन येईल या भीतीपोटी घरमालक खोली रिकामी करायला सांगतात, शेजारी जिना वापरू देत नाहीत, मुलांशी कोणी खेळत नाही. कलंकित मानलेल्या व्यक्तीच्या निकटवर्तीयांनाही त्याची झळ पोहोचते, हे समाजशास्त्रज्ञ अर्विंग गॉफमन यांनी १९६३ मध्येच मांडले होते. भारतात आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हल्ले वाढल्यामुळे २२ एप्रिल २०२० रोजी अध्यादेश काढून १८९७ च्या साथरोग कायद्यात दुरुस्ती करण्यात आली आणि असे हल्ले दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हे ठरवण्यात आले. कायद्याने मारहाणीला आळा घालता येतो. अबोला धरणाऱ्या शेजाऱ्यावर गुन्हा नोंदवता येत नाही.

दुसरा प्रवाह व्यवसायाच्या आतला असून तो अधिक चिवट आहे. मदत मागणे म्हणजे कमकुवतपणा, ही समजूत वैद्यकीय शिक्षणापासूनच अंगवळणी पडते. अमेरिकेत काही राज्यांच्या परवाना मंडळांच्या अर्जांत पूर्वीच्या मानसिक आजाराविषयी प्रश्न विचारले जात असल्याने डॉक्टर उपचार टाळत. न्यूयॉर्कमधील डॉ. लॉर्ना ब्रीन यांनी एप्रिल २०२० मध्ये केलेल्या आत्महत्येनंतर या प्रश्नाची मोठी चर्चा झाली आणि मार्च २०२२ मध्ये त्यांच्या नावाने आरोग्यसेवकांच्या मानसिक आरोग्यासाठी कायदा झाला. ‘योद्धा’ ही पदवी देऊन झालेला गौरवही या प्रवाहाला बळ देतो, कारण योद्ध्याने खचायचे नसते. टाळ्या वाजवणारा आणि घरात येऊ न देणारा समाज एकच असू शकतो, हे २०२० मध्ये अनेक देशांत दिसले.

उपायांबाबत एक गैरसमज सर्रास आढळतो. धक्कादायक प्रसंगानंतर लगेच प्रत्येकाला एकाच बैठकीत तो प्रसंग सविस्तर सांगायला लावणे उपयुक्त मानले जाई. पुढील संशोधनात त्यामुळे आघातोत्तर ताणविकृती, म्हणजे धक्क्यानंतर दीर्घकाळ टिकणारा मानसिक त्रास, टळते असे आढळले नाही, त्यामुळे आता त्याची शिफारस केली जात नाही. त्याऐवजी मानसिक प्रथमोपचारात व्यावहारिक गरजा भागवणे, ऐकून घेणे आणि बोलण्याची सक्ती न करणे यांवर भर असतो. आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत ‘बर्नआउट’ला, म्हणजे कामाच्या सततच्या ताणामुळे येणाऱ्या थकव्याला, आजार न मानता व्यवसायाशी निगडित स्थिती म्हटले आहे, याचाही व्यावहारिक अर्थ मोठा आहे. थकव्याचे मूळ कामातच असेल तर पाळ्यांचे तास, पुरेशी संरक्षक साधने, राहण्याची वेगळी सोय, आजारपणातील पगारी रजा आणि गोपनीय समुपदेशन ही मालकसंस्थेची जबाबदारी ठरते. ध्यानधारणेचे वर्ग भरवून ती टळत नाही, आणि कंत्राटी कामगाराला तर यांतील पगारी रजाही अनेकदा मिळत नाही.