डीजे स्टेंटवर क्षार का चढतात?

"दुर्बिणीने खडा काढलाय, आत डीजे टाकलाय, दिलेल्या तारखेला काढायला या." घोडबंदर रोड असो की नेरुळ, मुतखड्याच्या ओपीडीत हे वाक्य कानावर पडतंच. डीजे म्हणजे डबल-जे स्टेंट: मोठ्या माणसात साधारण 24-26 सेंटिमीटर लांब, जेमतेम 2 मिलिमीटर जाड नळी. एक वेटोळं किडनीत, दुसरं मूत्राशयात. हा आकार 1978 चा; मूळ घडण अजून तीच आहे.

खड्यापायी घातलेल्या नळीवरच खडा धरावा, ही थट्टाच. 1991 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहा आठवड्यांच्या आत काढलेल्या स्टेंटपैकी 9.2 टक्क्यांवर क्षार सापडले, सहा ते बारा आठवड्यांत 47.5 टक्के, त्यापुढे 76.3.

नळी आत गेली की काही तासांतच लघवीतल्या प्रथिनांचा थर तिच्यावर बसतो. त्याला जंतू चिकटतात. त्यातला प्रोटियस भलताच उपद्रवी: तो युरियाचा अमोनिया करतो, लघवी अल्कधर्मी होते आणि कॅल्शियम-मॅग्नेशियमचे फॉस्फेट खाली बसू लागतात. जंतुसंसर्ग नसला तरी क्षार चढतातच, फक्त सावकाश.

यावर उपाय म्हणून कंपन्यांनी हेपरिन, ट्रायक्लोसन, हायड्रोजेल असे नाना लेप काढले. पण प्रथिनांचा थर बसला की लेप त्याच्याखाली गाडला जातो. माझ्या मते लेपाचे लाड जरा जास्तच झाले. नळीच्या आकाराकडे लक्ष उशिरा गेलं.

स्टेंटच्या अंगावर बारीक भोकं असतात. प्रयोगशाळेत पारदर्शक मूत्रवाहिनी बनवून पाहिलं, तेव्हा काही भोकांतून प्रवाह जवळजवळ जातच नाही असं दिसलं. तिथे लघवी नुसती घुटमळते, आणि ठाणे खाडीत पाणी मंदावतं तिथे गाळ बसावा तसे कण नेमके तिथेच बसतात. ब्रिटन आणि स्वित्झर्लंडच्या संशोधकांनी नळीची भिंत पातळ केली, भोकांच्या कडा प्रवाहाच्या दिशेने निमुळत्या केल्या. कण कमी साचले. अर्थात हे प्रयोगशाळेतलं. भिंत फार पातळ केली तर बाहेरून दाब आल्यावर नळी चेपते, ही अडचण आहेच.

मूत्राशयातल्या वेटोळ्याचा जाच वेगळाच. ते टोचत राहतं, सारखी लघवीला लागते. शौचालय नसलेल्या लोकलने ठाण्याहून पनवेलला जाणाऱ्याला त्याचा अर्थ सांगायला नको. म्हणून काही स्टेंटना खालच्या टोकाला जास्त मऊ नळी किंवा नुसता दोरा ठेवतात.

आपोआप विरघळणारा स्टेंट आला तर दुसऱ्यांदा दुर्बीण घालायला नको. प्रयत्न झालेत, पण काही रुग्णांत तुकडे पुरते विरघळले नाहीत. आतच राहिले आणि ते काढायला पुन्हा उपचार करावे लागले.