घामाने ताप उतरतो का?

'ताप आला की दोन गोधड्या पांघरा, घाम काढा, ताप उतरेल,' असं पिढ्यान् पिढ्या सांगितलं जातं. हे अनुभवातूनच आलंय. घाम फुटतो तेव्हा ताप खरंच उतरत असतो. क्रम मात्र उलटा आहे. तापात मेंदूतला तापमान सांभाळणारा भाग, हायपोथॅलॅमस, शरीराचं ठरलेलं तापमान ३७ वरून, समजा, ३९ अंश सेल्सिअसवर नेतो, त्या मानाने अंग थंड पडतं, म्हणून हुडहुडी भरते. आजार ओसरला किंवा पॅरासिटामॉल लागू पडलं की हे ठरलेलं तापमान खाली येतं आणि जास्तीची उष्णता टाकायला घाम सुटतो. गोधडीखाली तो वाळत नाही, उष्णता अडकते. थर्मामीटर लावून पाहा: हुडहुडीत पांघरुणाखालीही आकडा चढतच असतो. थंडी वाजतेय तोवर पांघरूण द्या, मग काढा. तान्ह्या बाळाला तर कृपया गुंडाळून ठेवू नका.