क्रँकशाफ्टचे तेलसील व जुन्या ट्रॅक्टर एंजिनात ते बदलणे

एंजिनाचा क्रँकशाफ्ट (परिभाषेत भुजादंड, कारागिरांच्या बोलीत नुसता ‘क्रँक’) ठोकळ्याच्या दोन टोकांतून बाहेर पडतो, त्या फटींतून वंगणतेल गळू नये म्हणून बसवलेल्या कड्यास तेलसील किंवा ऑइल सील म्हणतात. पुढचे सील टायमिंग कव्हरमध्ये (एंजिनाच्या पुढच्या झाकणात) पुलीमागे असते, तर मागचे फ्लायव्हीलच्या (क्रँकच्या मागच्या टोकावरील जड चाकाच्या) आड दडलेले असते. पुनर्बांधणीत खरी अडचण मागच्या सीलचीच असल्याने प्रस्तुत नोंदीत त्याचा विचार अधिक केला आहे.

उदाहरणादाखल पर्किन्स या ब्रिटिश कंपनीचे ३.१५२ मालिकेतील तीन सिलिंडरी डिझेल एंजिन घेतले आहे. सिलिंडरचा ३.६ इंच व्यास व दट्ट्याची ५ इंच धाव यांवरून त्याचे आकारमान सुमारे १५२.७ घन इंच, म्हणजे अडीच लिटर भरते आणि नावातील १५२ हा आकडा तेथूनच आला आहे. १९५९ च्या सुमारास ते मॅसी फर्ग्युसन ३५ या ट्रॅक्टरला बसू लागले. पुढे मद्रासच्या सिम्प्सन कंपनीने पर्किन्स घराण्यातील एंजिने भारतात बनवल्यामुळे, टॅफे या भारतीय कंपनीच्या १०३५ सारख्या ट्रॅक्टरांतून हा आराखडा महाराष्ट्रातील गावोगावच्या गॅरेजांत परिचित झाला.

सीलच्या उगमाविषयी एकमत नाही. सर्वांत जुनी पद्धत दोरीच्या भरणाची असून ती वाफेच्या एंजिनांच्या पॅकिंगवरून आली. पुढे धातूच्या कवचात बसवलेले, स्प्रिंगने दाबलेले चामड्याचे ओठसील (ज्याची पातळ कड, म्हणजे ओठ, दंडावर टेकते असे सील) आले. त्याचे श्रेय काही लेखक १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धातील अमेरिकी चर्मोद्योगाला देतात, तर जर्मन परंपरेत ते वाइनहाइम येथील फ्रॉइडेनबर्ग या कातडी कमावणाऱ्या कंपनीतील वाल्टर झिमर यांना दिले जाते. ‘झिमररिंग’ हे नाव त्यांच्यावरूनच पडले. दोन्हीकडे मूळ व्यवसाय चामड्याचा होता हे पाहता, एकाच गरजेतून जवळपास एकाच वेळी झालेला विकास मानणे अधिक सयुक्तिक ठरते. १९३० च्या दशकात कृत्रिम रबर हाती आल्यावर चामडे मागे पडत गेले. ट्रॅक्टर एंजिनांच्या मागच्या टोकाला मात्र दोरी दीर्घकाळ टिकून राहिली.

ओठसील तेल नेमके कसे अडवते, हाही बराच काळ वादाचा विषय होता. ओठ दंडाला घट्ट चिकटतो म्हणून तेल थांबते, ही सामान्य समजूत अपुरी आहे. ई. टी. जॅगर यांनी १९५७ मध्ये ओठाखाली तेलाचा अतिपातळ थर असतो असे दाखवले आणि तो पृष्ठताणामुळे आत राहतो असे सुचवले. नंतरच्या संशोधनाने उलट उपसा अधिक महत्त्वाचा ठरवला: ओठाचा तेलाकडील उतार तीव्र व हवेकडील उतार मंद असल्याने, फिरत्या दंडावर ओठ तेल सतत आत ओढत राहतो. सील उलटे बसवल्यास ते गळतीला हातभारच लावते, या रोजच्या अनुभवाशी हे मत जुळते. स्प्रिंगची बाजू तेलाकडे ठेवण्याच्या नियमामागील कारणही हेच आहे.

गळती दिसताच दोष सीलवर टाकणे घाईचे होते. क्लच घसरू लागतो, बेलहाउसिंगच्या (क्लचभोवतीच्या कवचाच्या) तळच्या छिद्रातून तेल ठिबकते. पण ते तेल काळे असेल तर एंजिनाचे आणि स्वच्छ, गंधकासारख्या वासाचे असेल तर बहुधा गिअरबॉक्सचे असते. रॉकर कव्हरचे किंवा सम्पच्या (तळच्या तेलपात्राच्या) गॅस्केटचे तेलही मागे वाहत येते. ब्रीदर (क्रँककेसमधील वायू बाहेर सोडणारी वाट) तुंबल्यास किंवा पिस्टनच्या रिंगा झिजल्यास क्रँककेसमधील दाब नव्या सीलमधूनही तेल बाहेर ढकलतो; मेन बेअरिंग सैल असल्यास दंड केंद्रावर राहत नाही आणि कोणतेच सील फार काळ टिकत नाही.

या ट्रॅक्टरांना वेगळी चासी नसते, एंजिन हाच कण्याचा भाग असतो. त्यामुळे मागचे सील बदलायचे तर ट्रॅक्टर मधोमध सोडवावा लागतो. तत्पूर्वी पुढच्या अॅक्सलवर दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी ठोकतात, नाहीतर सुटा झालेला पुढचा भाग अॅक्सलच्या खिळीवर कलंडतो. क्लच व फ्लायव्हील काढल्यावर दोरीसीलचे दोन अर्धे आवरण-भाग दिसतात. नवी दोरी खाचेत बसवताना तिची टोके सांध्याच्या पातळीपेक्षा सुमारे ०.२५ ते ०.५ मिमी वर राहतील अशी आधी रोवतात, मग उरलेला भाग अंगठ्याने दाबत नेतात आणि शेवटी गोल दांडी फिरवून ती बसवतात. टोके आधी न रोवता मध्यातून सुरुवात केली तर टोके वाढत जातात, आणि वाढीव टोक छाटण्याचा मोह आवरला नाही तर सांध्यावर गळती ठरलेलीच. आतून ग्रॅफाइट ग्रीस लावून दोन्ही अर्धे क्रँकभोवती जोडतात व संपूर्ण आवरण हाताने मागेपुढे फिरवून पाहतात. ते फिरले तरच ठोकळ्याला बोल्ट आवळतात. जुन्या दोरीत अॅस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ती कोरडी खरवडू नये, ओली करून काढावी.

ओठसील असलेल्या एंजिनांत दंडाचा पृष्ठभाग निर्णायक असतो. १०० मिमी व्यासाच्या दंडावर मिनिटाला २,००० फेऱ्यांना ओठाखालील वेग सेकंदाला सुमारे १०.५ मीटर होतो. अशा वेळी पृष्ठाचा सरासरी खडबडीतपणा ०.२ ते ०.८ मायक्रॉन असावा, असा प्रचलित दंडक आहे. लेथवर पॉलिश पेपर सरकवत घासल्यास पडणारा सूक्ष्म आटा तेलाला बाहेरची वाट दाखवतो. नख अडकण्याइतकी खाच पडली असल्यास पाव मिलिमीटर जाडीची पोलादी स्लीव्ह चढवतात, किंवा जागा असल्यास सील थोडे आतबाहेर बसवून ओठ कोऱ्या पट्ट्यावर आणतात. क्रँक दहा-वीस-तीसच्या (म्हणजे इंचाच्या तितक्या हजारांश भागांनी कमी) मापाला घासून आणताना सीलची जागा सहसा तशीच राहते, हे कारागिराला आठवण करून द्यावे लागते.

पुढचे सील तुलनेने सोपे आहे: ओठाला तेल लावून, चावीच्या खाचेची धार झाकून ते बसवावे आणि टायमिंग कव्हरचे बोल्ट पुली सरकवून केंद्र जुळल्यावरच आवळावेत.