जाड पत्रा म्हणजे सुरक्षित गाडी?

नाशिकमध्ये जुनी डिझेल गाडी बघायला गेलं की कुणीतरी बॉनेटवर थाप मारतंच, "पत्रा बघा, किती दणकट!" हा समज मुळातच चुकीचा आहे. बाहेरचा पत्रा नुसतं आवरण असतं. धक्का सोसतो तो आतला सांगाडा. पुढचा भाग चुरगळून जोर शोषून घेतो आणि माणसं बसतात ती जागा शाबूत राहायला हवी. आपल्या नाशिकातच बनणारी भारदस्त स्कॉर्पिओ घ्या. 2016 साली गाड्यांची धडक-चाचणी घेणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने तिचं एअरबॅग नसलेलं मॉडेल ताशी 64 किलोमीटर वेगाने धडकवलं, तेव्हा मोठ्यांच्या सुरक्षेत शून्य तारे मिळाले.

जुलै 2019 पासून चालकाची एअरबॅग सक्तीची झाली, शेजारच्या सीटची 2021 अखेरीस. पुढे आई बसणार असेल तर त्या सीटला एअरबॅग आहे का, हे आधी विचारा. किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा पेटून काही सेकंदांत विझला पाहिजे. पेटलाच नाही तर बिघाड लपवलेला असू शकतो. मागचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. पट्ट्याच्या मुळाशी वाळलेला गाळ दिसला, तर गाडी पुरात बुडालेली असण्याची शक्यता आहे. मी तरी अशी गाडी घेऊन मुलांना कसारा घाटात नेणार नाही.