एर्बिलचे कुर्द आणि रोजावाचे कुर्द: बातमी वाचताना होणारी गल्लत

‘तुर्कस्तानचे कुर्दांवर हल्ले’ आणि ‘तुर्कस्तानमार्गे कुर्दांचं तेल बाजारात’ अशा दोन बातम्या पाठोपाठ वाचल्या की डोकं गरगरतं. शत्रू आहेत की गिऱ्हाईक? उत्तर असं की या दोन बातम्यांतले कुर्द वेगळे आहेत. तीन-चार कोटींचा हा समाज तुर्कस्तान, इराण, इराक आणि सीरियात विखुरला आहे. अलीकडे त्याच्या हाती टिकाऊ सत्ता आली ती दोनच ठिकाणी, आणि त्या दोघांचं आपसातही फारसं पटत नाही.

पहिलं ठिकाण इराकचा कुर्दिस्तान. राजधानी एर्बिल, कुर्द तिला हवलेर म्हणतात. १९९१च्या आखाती युद्धानंतर अमेरिका आणि मित्रदेशांनी उत्तर इराकवर सद्दामच्या विमानांना बंदी घातली आणि त्या छत्राखाली १९९२मध्ये इथे निवडणूक झाली. २००५च्या इराकी राज्यघटनेने या प्रदेशाला रीतसर मान्यता दिली. म्हणजे कागदावर हे आपल्याकडच्या घटक राज्यासारखं. फक्त आपल्या राज्यांना स्वतःची फौज नसते, एर्बिलकडे पेशमर्गा आहेत. सत्ता मात्र दोन घराण्यांत वाटलेली: एर्बिल-दुहोक बार्झानींच्या केडीपी या पक्षाकडे, सुलेमानिया तालबानींच्या पीयूके या पक्षाकडे. ही भाऊबंदकी साधी नव्हे. १९८८मध्ये हलबजा या कुर्द गावात सद्दामच्या विषारी वायूने सुमारे पाच हजार माणसं मारली. त्यानंतर आठच वर्षांनी, पीयूकेला एर्बिलमधून हुसकावण्यासाठी मसूद बार्झानींनी त्याच सद्दामचं सैन्य शहरात बोलावलं!

दुसरं ठिकाण ईशान्य सीरियातलं रोजावा. शब्दाचा अर्थ ‘पश्चिम’, म्हणजे कुर्दिस्तानची पश्चिम. १९६२च्या जनगणनेत इथल्या सुमारे १ लाख २० हजार कुर्दांचं नागरिकत्वच काढून घेतलं गेलं होतं. २०१२मध्ये यादवीत अडकलेल्या सीरियाच्या अध्यक्ष असदने इथून बहुतेक सैन्य काढलं आणि पीवायडी या पक्षाने कारभार हाती घेतला. त्याची सशस्त्र शाखा वायपीजी. पुढे २०१५मध्ये अरब आणि इतर गटांना जोडून एसडीएफ ही संयुक्त फौज उभी राहिली. यांचे वैचारिक गुरू अब्दुल्ला ओजलान, तुर्कस्तानशी चार दशकं लढलेल्या पीकेके या सशस्त्र कुर्द संघटनेचे संस्थापक, १९९९पासून तुर्कस्तानच्या इमराली बेटावर कैदेत. तुर्कस्तानच्या लेखी पीकेके आणि वायपीजी एकच.

आता गंमत पाहा. ओजलान कैदेत विचार बदलत गेले आणि ‘स्वतंत्र राष्ट्र नको, स्थानिक समित्यांची स्वायत्तता हवी’ या मतावर आले. त्यामुळे रोजावात प्रत्येक पदावर एक पुरुष आणि एक स्त्री असे दोन सहअध्यक्ष नेमले गेले, आणि २०१६मध्ये अधिकृत नावातून ‘रोजावा’ हा कुर्दी शब्दही गळला. राष्ट्र मागितलं ते एर्बिलने. २५ सप्टेंबर २०१७च्या सार्वमतात ९२ टक्क्यांहून जास्त मतं स्वातंत्र्याच्या बाजूने पडली. तरी तुर्कस्तानने रणगाडे घातले ते राष्ट्र न मागणाऱ्यांवर: २०१८मध्ये आफ्रिनमध्ये, २०१९मध्ये तल अब्यद आणि रास अल-ऐनमध्ये.

कारण अंकाराला, म्हणजे तुर्कस्तानच्या सरकारला, डाचत आली ती पीकेके. एर्बिलला मात्र व्यापारातून आवाक्यात ठेवता येतं: त्याचं तेल पाइपलाइनने तुर्कस्तानच्या जेहान बंदरातूनच बाहेर पडणार. तरीही ही दोस्ती पुरी नाही. पीकेकेचे तळ इराकी कुर्दिस्तानातल्याच कंदील डोंगरात असल्याने तुर्कस्तानची विमानं मित्राच्या अंगणातही बाँब टाकत आली आहेत. आणि सार्वमत झालं तेव्हा तुर्कस्तान, इराण, बगदाद तिघंही एका बाजूला उभे राहिले. अमेरिकेनेही पाठीशी उभं राहायचं नाकारलं. तीन आठवड्यांत इराकी सैन्याने तेलसमृद्ध किर्कुक घेतलं. पीयूकेच्या काही तुकड्या न लढताच मागे सरल्या होत्या. पुढे मार्च २०२३मध्ये बगदादने लवादात दावा जिंकल्यावर ती पाइपलाइनही अडीच वर्षं बंद राहिली.

रोजावाच्या डोक्यावर घटनेचं छप्पर कधीच नव्हतं. आयसिसविरुद्ध अमेरिकेला जमिनीवर लढणारी माणसं हवी होती, म्हणून शस्त्रं आणि हवाई मदत मिळाली. असद गेल्यावर १० मार्च २०२५ला एसडीएफचे मजलूम अब्दी यांनी दमास्कसमध्ये सत्तेवर आलेले अंतरिम अध्यक्ष अहमद अल-शरा यांच्याशी करार केला तो सीरियाच्या सरकारात आणि सैन्यात सामील होण्याचा.

दोघं एका फळीत लढल्याचं एक दृश्य मात्र आहे. ऑक्टोबर २०१४, रोजावातल्या कोबानी शहराला आयसिसचा वेढा. एर्बिलने सुमारे दीडशे पेशमर्गा तोफांसह पाठवले, तेही तुर्कस्तानच्या भूमीवरून, अंकाराच्या परवानगीने. एरवी या दोन कुर्द प्रदेशांना जोडत आला तो टायग्रिस नदीवरचा सेमल्का इथला तरंगता पूल, आणि केडीपी व पीवायडीचं बिनसलं की तो बंद व्हायचा.