संगतीने वजन वाढते का? एका वादाची पार्श्वभूमी

माणूस काय खातो हे त्याच्या आवडीवर आणि मनोनिग्रहावर ठरते, असे आहारशास्त्र बराच काळ धरून चालले होते. या समजाला एक धक्का दुसऱ्या महायुद्धात बसला. १९४३च्या सुमारास अमेरिकेत मांसटंचाईमुळे यकृत-मूत्रपिंडासारखे एरवी टाळले जाणारे भाग घरोघरी शिजावेत म्हणून प्रयोग झाले. काही गृहिणींना तज्ज्ञांचे व्याख्यान दिले, तर काहींना आपसात चर्चा करून हात वर करून निर्णय घ्यायला लावले. पुढे चौकशी केली तेव्हा व्याख्यान ऐकलेल्यांपैकी सुमारे ३ टक्के स्त्रियांनी, तर चर्चा केलेल्यांपैकी ३२ टक्के स्त्रियांनी ते पदार्थ करून पाहिले होते.

पुढची महत्त्वाची नोंद स्थलांतरितांची. जपानमधले, हवाईतले आणि कॅलिफोर्नियातले जपानी पुरुष तपासले तेव्हा हृदयविकाराचे प्रमाण याच क्रमाने चढत गेलेले दिसले. पण १९७६मध्ये मांडलेल्या निष्कर्षांनुसार, कॅलिफोर्नियात राहूनही ज्यांचे नातेसंबंध आणि समाजजीवन जपानी वळणाचे राहिले, त्यांच्यातले प्रमाण जपानइतकेच कमी होते. आहार, धूम्रपान, रक्तदाब जमेस धरूनही हा फरक पुरता पुसला गेला नाही. या नोंदीला मिळायला हवे होते तेवढे लक्ष पुढच्या चर्चेत मिळाले नाही.

लक्ष गेले ते २००७च्या एका शोधनिबंधाकडे. मॅसॅच्युसेट्समधील फ्रेमिंगहॅम गावात १९४८पासून हृदयविकाराचा दीर्घ अभ्यास चालू होता. सहभागी माणूस पत्ता बदलून गेला तर शोधता यावा, एवढ्यासाठी त्याचे नातेवाईक आणि जवळचा मित्र यांची नावे तिथल्या फॉर्मवर लिहून घेतली जात. संशोधकांनी हीच कागदपत्रे वापरून १९७१ ते २००३ या काळातल्या १२,०६७ जणांचे नात्यांचे जाळे उभे केले. मित्र लठ्ठ झाला तर आपण लठ्ठ होण्याची शक्यता ५७ टक्क्यांनी वाढते, भावंड झाले तर ४० आणि जोडीदार झाला तर ३७ टक्क्यांनी, असे त्यांचे गणित निघाले. शेजाऱ्यांचा परिणाम दिसला नाही. दूर राहणाऱ्या मित्राचा दिसला. लगेच ‘लठ्ठपणा संसर्गजन्य’ असे मथळे झळकले.

इथे घोळ सुरू झाला. दोन मित्र एकाच सुमारास जाड होतात, याची कारणे तीन असू शकतात. एकाचे पाहून दुसरा खाऊ लागतो. किंवा मुळात सारख्या प्रवृत्तीची माणसेच मित्र होतात. किंवा दोघांच्या परिसरात एकाच वेळी काहीतरी बदलते. संशोधकांचे उत्तर दिशेवर बेतलेले होते. ‘अ’ने ‘ब’ला मित्र म्हटले, पण ‘ब’ने ‘अ’चे नाव घेतले नाही, तर ‘ब’चे वजन ‘अ’वर परिणाम करते, उलट दिशेने दिसत नाही. कारण परिसराचे असते तर दोघांवर सारखाच परिणाम व्हायला हवा होता. युक्तिवाद हुशारीचा आहे. पण बहुतेकांनी एखाद्याच मित्राचे नाव दिले होते, तेही कार्यालयीन सोयीसाठी. एवढ्या विरळ जाळ्यावर फार मोठा भार टाकला गेला.

२००८मध्ये टीकाकारांनी तशीच पद्धत किशोरवयीनांच्या माहितीवर चालवून पाहिली, तर मुरुमे, डोकेदुखी आणि चक्क उंचीसुद्धा मित्रांकडून ‘पसरते’ असे निघाले! २०११मध्ये संख्याशास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की केवळ निरीक्षणातून आलेल्या माहितीत ‘संगतीचा परिणाम’ आणि ‘सारख्यांची मैत्री’ वेगळे काढणे सहसा शक्यच नसते. टीका योग्य होती. तिचा अर्थ मात्र अनेकांनी ‘संगतीचा परिणाम नसतोच’ असा लावला, आणि तो तिच्यात नव्हता.

दरम्यान धोरणकर्त्यांनी मोजायला सोपी, म्हणजे परिसराची बाजू धरली. ‘अन्नाचे वाळवंट’, म्हणजे जिथे चांगले अन्न सहज विकत मिळत नाही असा भाग, ही कल्पना १९९०च्या दशकात ब्रिटनमधून पुढे आली. अमेरिकेत तिची प्रचलित व्याख्या अंतरावर बेतली: गरीब वस्ती आणि मोठे किराणा दुकान शहरात १ मैलापेक्षा, ग्रामीण भागात १० मैलांपेक्षा लांब. तिथे नवी दुकाने उघडली, पण लोकांची खरेदी फारशी बदलली नाही. २०१९च्या एका विश्लेषणानुसार, गरिबांना श्रीमंतांना मिळतो तोच माल त्याच भावात उपलब्ध झाला तरी पोषणातली दरी जेमतेम १० टक्क्यांनी कमी होईल.

परिसराच्या बाजूचा भक्कम पुरावा आला तो चिठ्ठ्या टाकून केलेल्या घरबदलातून. १९९४ ते १९९८ दरम्यान अमेरिकेतल्या पाच शहरांत सार्वजनिक घरकुलांतल्या काही कुटुंबांना कमी गरिबीच्या वस्तीत जाण्यासाठी भाडेसाहाय्य देऊ केले. १० ते १५ वर्षांनी तपासले तेव्हा ही संधी मिळालेल्या स्त्रियांमध्ये तीव्र लठ्ठपणा आणि मधुमेह, दोन्ही सुमारे ४ ते ५ टक्के-बिंदूंनी कमी आढळले. त्यात नवे शेजारी किती, दुकाने किती आणि भीती कमी झाल्याने आलेली शांत झोप किती, हे मात्र या प्रयोगातून वेगळे काढता आले नाही.

२०१८मध्ये सैनिकी कुटुंबांवरचे काम प्रसिद्ध झाले. बदलीचे ठिकाण ही कुटुंबे स्वतः निवडत नाहीत, त्यामुळे ‘सारख्यांची मैत्री’ हा आक्षेप इथे बराच दुबळा पडतो. लठ्ठपणा जास्त असलेल्या भागात नेमणूक झालेल्या पालकांमध्ये आणि त्यांच्या मुलांमध्ये लठ्ठपणाची शक्यता अधिक आढळली. मुक्काम लांबलेल्या आणि छावणीबाहेर राहणाऱ्या कुटुंबांत हा संबंध अधिक ठळक होता.